राखीव वने, गावगुरे आणि गवा : मध्य भारतातील वन्य गोवंशाच्या ऱ्हासाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

भारतातील वन्यप्राण्यांच्या ऱ्हासाचा इतिहास बहुधा बंदुकीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. इंग्रज अधिकारी, संस्थानिक, हाकारे, मचाणे आणि भिंतीवर टांगलेली मुंडकी असे त्याचे चित्र असते. वाघाच्या बाबतीत हे चित्र बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु गव्याला तेच चित्र लावले म्हणजे काही गोष्टींचा उलगडा होत नाही. बंदूक थांबल्यावरही गवा का घटत राहिला? ज्या वनाला सर्व प्रकारचे कायदेशीर संरक्षण होते, त्या बांधवगडच्या राष्ट्रीय उद्यानातून तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नाहीसा का झाला? या प्रश्नांची उत्तरे शिकारीच्या वर्णनांत सापडत नाहीत. ती शोधण्यासाठी वनखात्याचे चराईविषयक धोरण, गुरांच्या साथीच्या रोगांचा इतिहास आणि शेती व अरण्य यांच्या सीमेवर घडलेले बदल तपासावे लागतात.

गवा हा गाईबैलांचा जवळचा रानटी आप्त आहे. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘बायसन’ म्हटले आणि ते चुकीचे नाव आजही अनेकांच्या तोंडी आहे. अमेरिका व युरोपातील बायसनशी त्याचे नाते दूरचे आहे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोच्या आसपास जाते. पाठीवरचा स्नायूंचा उंचवटा आणि गुडघ्याखालचे पांढरे पाय यांवरून तो लांबूनही ओळखू येतो. एवढ्या धिप्पाड जनावराला वाघाशिवाय शत्रू नाही. त्याची दुबळी बाजू निराळीच आहे. गवत, बांबूचे कोवळे कोंब, बारमाही पाणी आणि खारी माती या चार गोष्टी आवाक्यात असतील तेथेच त्याचा कळप टिकतो, आणि गावगुरांना होणारा जवळजवळ प्रत्येक संसर्गजन्य रोग त्यालाही होतो.

ज्या प्रदेशाचा येथे विचार करावयाचा आहे, त्या नर्मदेच्या खोऱ्याला वन्य गोवंशाचा लोप नवा नाही. या खोऱ्यातील जुन्या गाळात एका प्रचंड शिंगांच्या रानबैलाचे जीवाश्म सापडले आणि एकोणिसाव्या शतकात ह्यू फाल्कनर या शास्त्रज्ञाने त्याला नर्मदेवरूनच शास्त्रीय नाव दिले. वशिंडाच्या देशी गुरांचे मूळ याच भारतीय रानबैलाकडे जाते असे मानले जाते. तो रानबैल संपला, त्याचे माणसाळलेले वंशज खोऱ्यात भरून राहिले आणि डोंगरात गवा उरला. पुढील दीड शतकाचा इतिहास या दोन आप्तांच्या सहवासाचा आहे.

सागवानासाठी राखलेले अरण्य

१८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचला आणि तेथे त्याने जे घर बांधले त्याला ‘बायसन लॉज’ असे नाव पडले. त्या परिसरात गव्यांचे अस्तित्व किती ठळक होते हे या नावावरूनच कळते. फॉर्सिथचा मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारीची वर्णने म्हणून तो आजही वाचला जातो. परंतु वनखात्याच्या पहिल्या पाहणीचा साक्षीदार म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

पचमढीच्या पायथ्याशी असलेले बोरीचे जंगल हे देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांपैकी एक होय. १८५७ च्या उठावानंतर, तात्या टोपे नर्मदा उतरून या डोंगरांत आले त्या काळात, येथील कोरकू जहागीरदार ठाकूर भभूतसिंग याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याचा पाडाव झाल्यावर त्याचा मुलूख जप्त झाला आणि १८६५ साली बोरी राखीव घोषित झाले. राखीव वनाच्या जन्माशी जप्तीचा हा जो संबंध आहे तो केवळ योगायोगाचा नाही. ज्या भूमीवरील जुने हक्क एका फटक्यात पुसता येत होते, ती भूमी राखणे सरकारला सर्वांत सोपे होते.

राखीव करण्याचा हेतू स्पष्ट होता. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी सागवान व साल यांची लाकडे हवी होती. १८६४ मध्ये ब्रँडिसच्या नेतृत्वाखाली वनखाते निर्माण झाले, १८६५ आणि १८७८ मध्ये कायदे झाले. १८७८ च्या कायद्याने वनांची राखीव, संरक्षित व ग्रामवन अशी विभागणी केली. १८९४ च्या वनधोरणाने पुन्हा चार वर्ग पाडले : हवामान व जमीन राखणारी वने, इमारती लाकडाची वने, किरकोळ वने आणि कुरणे. या कोणत्याही वर्गीकरणात वन्यप्राण्यांना जागा नाही. गवा त्या वनात राहत होता एवढेच. वन त्याच्यासाठी नव्हते.

बोरीतच कर्नल पीअर्सन याने वणव्यापासून जंगल वाचविण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखविला आणि तो पुढे सर्वत्र आदर्श ठरला. साग-सालाच्या रोपांच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. परंतु गव्याच्या दृष्टीने विचार केल्यास चित्र बदलते. उन्हाळ्यातील मर्यादित आगीनंतर उगवणारा कोवळा चारा आणि बैगांच्या बेवर शेतीमुळे उतारांवर पडणाऱ्या मोकळ्या, गवताळ जागा हा त्याच्या अन्नाचा मोठा भाग होता. दोन-तीन वर्षे नाचणी-कोदो घेऊन बैगा पुढे सरकत. मागे राहिलेल्या रानात आधी गवत, मग झुडुपे, मग बांबू येई. वनखात्याने बेवर बंद केली आणि १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ या ठरावीक क्षेत्रापुरती ती मर्यादित केली. एल्विनने १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बंदीने बैगांच्या जीवनाची झालेली मोडतोड सविस्तर नोंदविली आहे. तिने गव्याच्या कुरणांचे काय केले हे कोणी मोजले नाही. बेवरीमुळे अरण्याचा नाशच होत होता असे गृहीत धरून चालणाऱ्या जुन्या वनविषयक लेखनाने हा प्रश्न विचारला नाही, आणि आदिवासींची बाजू घेणाऱ्या नव्या लेखनालाही तो फारसा सुचलेला दिसत नाही.

चराईचा प्रश्न

राखीव वनाची रेघ आखली गेली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना गुरे होती. गवळी, अहीर, गोंड यांची गुरे पावसाळ्यापूर्वी डोंगरात जात व दिवाळीनंतर खाली उतरत. मेळघाटात तर गवळ्यांची वस्ती इतकी जुनी की गाविलगड किल्ल्याचे नावही त्यांच्याशी जोडले जाते. मिठाचे व धान्याचे तांडे घेऊन जाणाऱ्या बंजाऱ्यांचे हजारो बैल याच घाटांतून ये-जा करीत. वनखात्याने हा वावर थांबविला नाही; त्यावर कर बसविला. चराईची फी हे खात्याचे नियमित उत्पन्न झाले.

मुंबई इलाख्यात याविरुद्ध मोठी ओरड झाली. पुणे सार्वजनिक सभेने १८७८ च्या कायद्याला विरोध नोंदविला. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायराने व राने जंगलखात्याच्या घशात गेल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांची कशी उपासमार होते याची कठोर मांडणी केली. फुल्यांचा हा विचार शेतकऱ्याच्या बैलाविषयी आहे, गव्याविषयी नाही. तथापि त्याचा गव्याशी संबंध आहे. गावाशेजारचे कुरण नांगराखाली किंवा राखीव वनात गेले की गुरे अधिक आत, अधिक उंचावर, ज्या चिंचोळ्या दऱ्यांत उन्हाळ्याचे पाणी टिकते तेथे जाऊ लागतात. उन्हाळ्यात गव्याचे कळपही तेथेच असतात. १८९३ मध्ये डॉ. व्होल्कर यांनी आपल्या शेतीविषयक अहवालात जळण व चाऱ्यासाठी स्वतंत्र राखीव क्षेत्रे असावीत अशी शिफारस केली होती. ती मनापासून अमलात आली असती तर कदाचित हा दाब कमी झाला असता.

त्यात १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांची भर पडली. दुष्काळात जनावरे वाचविण्यासाठी सरकारने राखीव वने चराईला खुली केली. माणुसकीच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण त्या वर्षांत दूरदूरच्या जिल्ह्यांतील अशक्त, भुकेली गुरे एकाच वेळी अरण्यात शिरली. रोग पसरण्यास याहून अनुकूल परिस्थिती कल्पिता येणार नाही.

बुळकांडी

पाश्चात्य पशुवैद्यक ज्याला रिंडरपेस्ट म्हणते, तो रोग मराठी शेतकऱ्याला बुळकांडी या नावाने परिचित होता. ताप, तोंडात व्रण, डोळ्यांतून व नाकातून स्राव, मग अनावर हगवण आणि आठ-दहा दिवसांत मृत्यू. रोगी व निरोगी जनावर जवळ आले, एका पाणवठ्यावर उभे राहिले, की संसर्ग होई. ज्या कळपाला पूर्वी रोग झालेला नाही, त्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे असे. या रोगाची तीव्रता आफ्रिकेत सर्वांत भयानक दिसली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून तो आत शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. गुरांबरोबर रानम्हशी व हरणेही लाखोंनी मेली. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग तेथे गेला असे सामान्यतः मानले जाते, आणि ती गुरे भारतातून गेली होती असेही अनेक अभ्यासक म्हणतात.

भारतात मात्र हा रोग पाहुणा नव्हता, रहिवासी होता. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गुरांच्या साथीविषयक आयोगाने १८७१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशातील बहुतेक प्रांतांत तो ठाण मांडून असल्याचे स्पष्ट झाले. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुढच्या वर्षी डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख झाले. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी ही देशातील पहिली संस्था. रोगजंतूंवर काम करण्यासाठी वस्तीपासून दूर व थंड जागा हवी म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तेथे येऊन गेले. याच संस्थेचे रूपांतर पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत झाले. महाराष्ट्रातील शैक्षणिक इतिहासात या पुणेरी प्रारंभाची दखल क्वचितच घेतली जाते.

गव्याच्या अंगाने या इतिहासाकडे पाहिले असता एक विचित्र गोष्ट लक्षात येते. शिकारी व वनाधिकारी यांच्या लेखनात गुरांच्या साथीने गवे मेल्याचे उल्लेख वारंवार येतात. ओढ्यात सडत पडलेली प्रेते, एका हंगामात रिकामे झालेले डोंगर. परंतु पशुवैद्यक खात्याला गावगुरांच्या मृत्यूंची नोंद ठेवायची होती, वनखात्याला लाकडाची. गवा हा ना कोणाच्या मालकीचे जनावर होता, ना वनउपज. त्यामुळे त्याच्या मृत्यूचा हिशेब कोणत्याच दप्तरात नियमाने आला नाही. एकोणिसाव्या शतकातील गव्यांची संख्या सांगणारे आकडे आज कोणी देत असेल तर ते अंदाजच समजावे लागतात. संख्येचा इतिहास मुळात उपलब्ध नाही. उपलब्ध आहे तो ठिकाणांचा इतिहास, म्हणजे कोठे कळप होते आणि कोठे ते उरले नाहीत याचा.

स्वातंत्र्यानंतरची एक साथ मात्र चांगली नोंदली गेली आहे. १९६८ साली मुदुमलाई व बंदीपूर या लागून असलेल्या दक्षिणेकडील अभयारण्यांत बुळकांडी शिरली आणि तेथील गव्यांचे कळप अल्पावधीत विरळ झाले. दोन्ही ठिकाणी शिकारबंदी होती, पहारेकरी होते, पर्यटकही येत होते. सीमेवरच्या गावांतील गुरे रोज आत चरत होती, आणि तेवढे पुरे झाले.

या पार्श्वभूमीवर एक विधान करावेसे वाटते. विसाव्या शतकात गव्याला वाचविण्यात कोणत्याही एका वन्यजीव कायद्याइतकाच, कदाचित अधिक, वाटा बैलाला टोचलेल्या लसीचा आहे. मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरातून वारंवार नेऊन सौम्य केलेल्या विषाणूची लस १९२७ च्या सुमारास सिद्ध केली. १९५४ पासून राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. गावोगावच्या बाजारांत, जत्रांत, नाक्यांवर गुरे टोचली गेली. १९९५ मध्ये देशात रोगाचा शेवटचा उद्रेक झाला, २००६ मध्ये भारत रोगमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ मध्ये जगातूनच बुळकांडीचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर मानवाने पूर्णपणे संपविलेला हा दुसरा रोग. हे सारे शेतकऱ्याच्या नांगरासाठी घडले. त्याचा लाभ गव्याला झाला तो अनायासे. वन्यजीव संरक्षणाच्या इतिहासग्रंथांत मात्र पशुवैद्यकाच्या या कामगिरीला एखाद्या ओळीहून अधिक जागा मिळत नाही.

कान्हा : गावे आणि कुरणे

मैकल डोंगरातील बंजर खोऱ्याचे वन १८७९ मध्ये राखीव झाले. १९३३ मध्ये त्याचा सुमारे २५० चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. शेजारच्या हालोन खोऱ्यालाही १९३५ मध्ये तोच दर्जा मिळाला, परंतु तक्रारींमुळे तो काही वर्षांतच काढून घेण्यात आला. १९५५ मध्ये विशेष कायद्याने कान्हा राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात येथेच केलेला अभ्यास १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्या काळातही उद्यानाच्या आत गावे होती, गुरे होती आणि कुरणे अतिचराईने झिजलेली होती. बारशिंग्याची संख्या १९७० मध्ये ६६ पर्यंत घसरली, हा आकडा सर्वश्रुत आहे.

१९६९ पासून आतील गावे बाहेर हलविण्यास सुरुवात झाली आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प आल्यावर त्यास वेग आला. उठलेल्या गावांच्या शेतजमिनीवर गवताची विस्तीर्ण मैदाने तयार झाली. कान्ह्याची आजची प्रसिद्ध कुरणे नैसर्गिक आहेत असा पर्यटकांचा समज असतो. त्यांतील अनेक वस्तुतः बैगा व गोंड यांची सोडलेली शेते आहेत. बारशिंगा सावरला, गवाही सावरला. त्याची किंमत कोणी दिली हे या गावांच्या नावांवरून कळते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही कान्ह्यातील बैगांच्या विस्थापनाबाबत आक्षेप घेतले गेले आहेत. जी पिढी बेवर करण्यापासून रोखली गेली, तिच्या नातवंडांची शेते पुढे गव्यासाठी कुरण झाली, एवढा हा इतिहास गुंतागुंतीचा आहे.

रानम्हशीला एवढेही नशीब लाभले नाही. फॉर्सिथच्या काळी मैकलच्या पूर्वेकडील पाणथळ गवताळ प्रदेशात तिचे कळप होते. ती जमीन भातशेतीला सर्वांत योग्य, म्हणून सर्वांत आधी नांगराखाली गेली. आज छत्तीसगडमधील इंद्रावती व उदंती आणि महाराष्ट्रात गडचिरोलीतील कोलामार्का येथे तिचे तुटपुंजे अवशेष आहेत. तिच्याबाबत रोगाबरोबरच गावम्हशींशी होणारा संकर हाही प्रश्न आहे. आसामातील मानस येथून २०२० मध्ये काही जनावरे छत्तीसगडमधील बारनवापारा येथे आणण्यात आली आहेत.

बांधवगड : संरक्षणाच्या आतील लोप

कान्ह्याच्या उत्तरेस असलेला बांधवगड हा रीवा संस्थानाचा राखीव शिकारीचा मुलूख. महाराजाने १०९ वाघ मारणे शुभ, अशी तेथील राजघराण्याची प्रथा सांगितली जाते. शिकारीसाठीच का होईना, अरण्य राखले गेले. १९६८ मध्ये १०५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८२ मध्ये ते सुमारे ४४८ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविण्यात आले आणि १९९३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. संरक्षणाचा आलेख चढता आहे. त्याच काळात गव्याचा आलेख उतरता आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे एकही गवा उरला नाही.

याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक रोगाचे : गावगुरांपासून संसर्ग होऊन लहानसा कळप मेला. दुसरे वाटेचे. बांधवगडचे गवे वर्षभर उद्यानात राहत नसत. ऋतूनुसार ते उद्यानात उतरत आणि पुन्हा दक्षिण-पूर्वेच्या डोंगरांकडे, अमरकंटकच्या दिशेने परतत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कटनी-बिलासपूर रेल्वेमार्ग व उमरियाच्या कोळसा खाणी याच टापूत आल्या. विसाव्या शतकात शहडोल-सोहागपूरच्या खाणी, शेती, रस्ते व वस्त्या वाढत गेल्या. जोडणारे जंगल तुकड्यातुकड्यांनी आटले.

ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. वाट शाबूत असती तर रोगाने विरळ झालेल्या कळपात शेजारच्या डोंगरातून नवे गवे येऊन मिसळले असते. शंभर वर्षांपूर्वीच्या साथींनंतर बहुधा तसेच घडत असावे, अन्यथा एवढ्या वेळा बुळकांडी येऊनही मध्य भारतात गवा टिकता ना. साथ जुनीच होती, तिच्यानंतर भरून येण्याची सोय संपली होती. उद्यानाची सीमा आखताना वाघाचा व पर्यटकांच्या रस्त्यांचा विचार झाला; जे जनावर वर्षाचा काही काळ सीमेबाहेर घालविते त्याला हे उद्यान अर्धेच मिळाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गव्याचे नाव आहे. पण ते संरक्षण त्याला मारण्यापुरते होते. त्याची वाट नांगरण्यास किंवा खणण्यास कायद्याने अडविले नाही.

पश्चिम घाटाकडे पाहिले की हा मुद्दा उलट्या बाजूने पटतो. कोल्हापूर संस्थानाचे दाजीपूरचे शिकारी जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत विस्तारले. बांधवगडहून ते लहान आहे. परंतु सह्याद्रीची रांग सलग असल्याने दक्षिणेस व उत्तरेस कळपांना वाव राहिला. आज तेथे तक्रार आहे ती गवे उसात व भातात उतरतात याची. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडसारख्या दाट वस्तीत एक गवा शिरला. गर्दीने पाठलाग केला आणि पकडताना तो दगावला. म्हणजे गव्याचा ऱ्हास सर्वत्र सारखा नाही. जगातील गव्यांची संख्या सुमारे १५,००० ते ३५,००० असावी असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतात आहेत. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया येथे परिस्थिती फार बिकट आहे. श्रीलंकेतून तर तो शतकांपूर्वीच नाहीसा झाला.

बांधवगडात गवा परत आणण्याचे काम मध्य प्रदेश वनखाते, भारतीय वन्यजीव संस्था व एका खाजगी पर्यटन कंपनीच्या सहकार्याने झाले. जानेवारी २०११ मध्ये कान्ह्यात गुंगीचे इंजेक्शन देऊन पकडलेले १९ गवे ट्रकमधून रस्त्याने बांधवगडला नेण्यात आले आणि सुरुवातीस कुंपणाच्या आत ठेवण्यात आले. २०१२ मध्ये आणखी ३१ आणून ही संख्या ५० करण्यात आली. पूर्वी जो प्रवास कळप आपल्या पायांनी करू शकत होते, तो आता पशुवैद्य, मोजपट्टी व रेडिओ कॉलर यांच्या साहाय्याने करावा लागला. कळप वाढला आणि काही वर्षांत शंभराच्या पुढे गेला. परंतु सर्व जनावरे एकाच मूळ कळपसमूहातील असल्याने पुढील पिढ्यांत आनुवंशिक वैविध्य कमी पडेल, अशी शंका तज्ज्ञांनी व्यक्त केली. त्यासाठी दुसऱ्या वनातील गवे आणणे आवश्यक ठरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून आणण्यात आले. १८६५ साली सागवानासाठी राखलेले बोरीचे जंगल आज याच प्रकल्पाचा भाग आहे.